हजार मैलांची कॅटामरान शर्यत: बोटीइतकीच किनाऱ्यावरची तयारी

फ्लोरिडातल्या हॉलिवूड बीचवरून निघायचं, किनारा डाव्या हाताला ठेवायचा आणि रोज एक टप्पा कापत व्हर्जिनिया बीच गाठायचं. मधे सुमारे हजार मैल अटलांटिक. बोट साडेपाच मीटरची, दोन हलांची, म्हणजे दोन लांबट, पोकळ, तरंगत्या अंगांची. वर ना केबिन, ना कठडा, ना सावली. दोन माणसं कमरेला ट्रॅपीझची, म्हणजे डोलकाठीवरून येणारी, तार अडकवून दिवसभर बोटीबाहेर रेललेली. संध्याकाळी फुटत्या लाटांतून वाळूवर उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लाटांतून पुन्हा बाहेर पडायचं. ही वॉरेल १०००. मायकेल वॉरेल यांनी १९७४ मध्ये पैजेखातर होबी १६ या छोट्या कॅटामरानवरून हा किनारा धरून प्रवास केला, त्यातून १९७६ मध्ये शर्यत उभी राहिली. सुरुवातीला ती उत्तरेकडून दक्षिणेला जायची, नंतर दिशा उलटली. मधे बरीच वर्षं बंद होती, २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली.

हजार मैल म्हणजे सोळाशे किलोमीटर. महाराष्ट्राचा किनारा पूर्वापार ७२० किलोमीटरचा धरतात, त्या हिशेबाने तो जाऊन-येऊन केला तरी एवढं अंतर भरत नाही.

मी बोटीवर कधी नव्हतो. दोनदा ग्राउंड क्रूमध्ये होतो, म्हणजे व्हॅन चालवणं, बोट झेलणं, दुरुस्ती, स्वयंपाक आणि रात्री समुद्राकडे बघत उभं राहणं. म्हणून हा लेखही त्याच जागेवरून लिहितो आहे. आपल्याकडचे बरेच जण मुंबई-गोव्यात डिंगी चालवून अमेरिकेत येतात, इथे बीच कॅट, म्हणजे वाळूवरून सोडता येणारी छोटी कॅटामरान, घेतात आणि या शर्यतीची स्वप्नं बघतात. त्यांचं सगळं लक्ष शिडांवर आणि वेगावर असतं. पण मी पाहिलेल्या बहुतेक टीमचं जे नुकसान झालं ते पाण्यात नाही, किनाऱ्याच्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये झालं. सुकाणू मोडतं तिथे, हल चिरते तिथे आणि माणसाची झोप जाते तीही तिथेच. त्यामुळे तयारीची सुरुवात किनाऱ्यापासून करा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

आधी माणसं ठरवा

बोटीवर दोघं, किनाऱ्यावर किमान तिघं. दोघांत भागेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एकाला गाडी चालवावी लागते, एकाला दुरुस्ती, आणि तिसऱ्याने त्या वेळात झोपून घ्यायचं असतं, कारण बोट रात्री बारानंतर आली तर पाण्यात उतरायला ताजा माणूस हवा.

बोटीवरच्या दोघांचं शर्यतीचं कौशल्य सारखं नसलं तरी चालतं, पण थकल्यावरचा स्वभाव जुळायलाच हवा. हे तपासायला एकच उपाय मला माहीत आहे. शर्यतीच्या सहा महिने आधी दोघांनी मिळून सलग तीन दिवस, रोज पन्नास-साठ मैल, कुठेतरी मुक्काम करत बोट चालवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं एकमेकांशी कसं बोलतात ते बघायचं. आमच्या स्किपरने, म्हणजे सुकाणू धरणाऱ्या मुख्य खलाशाने, पहिला जोडीदार या तीन दिवसांनंतर बदलला. दोघांची मैत्री आजही टिकून आहे, आणि माझ्या मते त्या निर्णयामुळेच टिकली.

निर्णय कुणाचा, हे कागदावर लिहा. पाण्यात असताना स्किपरचा. बोट वाळूला टेकली की ग्राउंड क्रूच्या प्रमुखाचा. दमलेला खलाशी किनाऱ्यावर येऊन ‘हे आधी करा, ते नंतर’ असं सांगायला लागला की दोन्ही कामं अर्धवट राहतात. त्याला खुर्चीवर बसवायचं, पाणी द्यायचं आणि बोटीपासून लांब ठेवायचं.

बोट: एफ-१८ आणि तिच्या दुखऱ्या जागा

हल्ली या शर्यतीत फॉर्म्युला १८ वर्गातल्या बोटी चालतात. लांबी ५.५२ मीटर, रुंदी २.६० मीटर, वजन किमान १८० किलो. मुख्य शीड १७ चौरस मीटर, आणि बोटीवरच्या दोघांच्या एकत्रित वजनाप्रमाणे जिब (पुढचं छोटं शीड) आणि स्पिनेकर (वारा मागून असताना उघडायचं मोठं, फुगीर शीड) लहान किंवा मोठं. बनावटी वेगवेगळ्या असल्या तरी बोटी एकमेकींना तोडीस तोड राहतात, त्यामुळे कोणाची बोट घ्यायची यावर महिनोन्महिने घालवू नका. तिचे सुटे भाग अमेरिकेत कुठे आणि किती दिवसांत मिळतात, हे विचारून घ्या.

‘कॅटामरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम्’वरून गेलेला, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडं. मालवण-देवगडकडच्या होड्यांना एका अंगाला उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांनी बांधलेलं तरंगतं लाकूड, असते, तिथलंही तत्त्व हेच. पाण्यावर पाय फाकून उभं राहिलं की सहज कलंडत नाही. पण उलांडीची होडी लाटेवर चढते तेव्हा बांधलेल्या दोऱ्या थोड्या हलतात, कुरकुरतात, ताण वाटून घेतात. एफ-१८ ताठ असते. तिच्यात लाटेचा सगळा धक्का मोजक्या जागी जातो. त्या जागा रोज हाताने चाचपायच्या: आडवे बीम हलला जिथे जोडले आहेत तिथले बोल्ट, डॅगरबोर्डच्या (हलमधून खाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) खाचेच्या कडा, सुकाणूचे ब्रॅकेट आणि पिना, डोलकाठीच्या पायथ्याचा सांधा, आणि तारांच्या टोकाच्या पिना व रिंगा. प्रत्येक रिंगवर टेप गुंडाळलेली हवी. एक छोटी रिंग निसटली तरी डोलकाठी खाली येऊ शकते.

हलमध्ये शिरलेलं पाणी रोज मोजा. संध्याकाळी मागचे बूच काढले की दोन्ही हलमधलं पाणी वेगवेगळ्या मगात घ्यायचं आणि वहीत लिहायचं, ‘डावी अर्धा मग, उजवी दीड मग’. दीडचे तीन झाले की कुठेतरी चीर आहे. ती डोळ्याला दिसत नाही. बुचाच्या भोकातून हलकी हवा आत सोडायची आणि बाहेरून साबणाचं पाणी ब्रशने लावत जायचं. बुडबुडे दिसतील तिथे चीर. बहुतेक वेळा ती डॅगरबोर्डच्या खाचेपाशी सापडते. हे काम वीस मिनिटांचं आहे. केलं नाही तर तिसऱ्या दिवशी बोट एका अंगाला जड होते आणि वाऱ्यात नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्याखाली घालायला लागते.

दुरुस्तीच्या पेटीत पूर्ण सुकाणू एक, डॅगरबोर्ड एक, टिलर एक्स्टेन्शन (सुकाणू फिरवायचा लांब दांडा) दोन, ट्रॅपीझची तार, शिडाच्या पट्ट्या, शिडाची टेप, डायनिमा दोर, शॅकल, पिना, इपॉक्सी, काचकापड, अॅसिटोन, सॅंडपेपर आणि हीट गन. इपॉक्सीबद्दल एवढंच लक्षात ठेवा की खारट किंवा ओल्या पृष्ठभागावर ती धरत नाही. आधी गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, अॅसिटोनने पुसा, घासा, आणि मगच कापड लावा. रात्रीच्या गार हवेत ती सुकायला वेळ घेते, म्हणून दुरुस्ती जेवणाआधी सुरू करायची. जेवून येतो आणि करतो म्हटलं की पहाटे कापड चिकट राहतं.

किनारा वाचा, टप्प्याटप्प्याने

सगळा किनारा सारखा नाही, आणि या शर्यतीचं नियोजन म्हणजे मुख्यतः हा फरक ओळखणं. प्रत्येक टप्प्याचं एक पान तयार करा. त्यावर अंतर, दिशा, भरती-ओहोटीच्या वेळा, वाटेतली खाड्यांची तोंडं, अडचण आली तर कुठे उतरता येईल आणि कुठे मुळीच उतरायचं नाही, एवढं हवं. तेच पान लहान करून जलरोधक कागदावर बोटीला चिकटवायचं. जीपीएस बंद पडलं तर तेवढ्यावर घरी येता आलं पाहिजे.

दक्षिण फ्लोरिडात गल्फ स्ट्रीम किनाऱ्याच्या अगदी जवळून उत्तरेला वाहतो. मधल्या पट्ट्यात त्याचा वेग चार नॉटच्या पुढे जातो. वारा दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा असेल तर तो फुकटचा धक्का आहे, थोडं बाहेर जाऊन घ्यावा. वारा उत्तरेचा झाला की तोच प्रवाह वाऱ्याला सामोरा जातो आणि लाटा आखूड, उभ्या, एकमेकींना चिकटून येतात. अशा वेळी किनाऱ्यालगत राहा, अंतर वाढलं तरी चालेल.

मे महिन्यात फ्लोरिडात दुपारचे खारे वारे भरवशाचे असतात. सकाळी मतलई वाऱ्याची हलकी झुळूक, मधे थोडी शांतता, मग पूर्वेकडून खारा वारा भरतो आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू दक्षिणेकडे सरकत जातो. उत्तरेला जाणाऱ्या बोटीला तो दिवस मावळताना मागून मिळतो. मुंबई-कोकणात ज्याने शीड उघडलं आहे त्याला हे चक्र ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की इथे समुद्र पूर्वेला आहे. दुपारनंतर जमिनीवर ढग उभे राहायला लागले की मात्र सावध. गडगडाटी वादळ येताना आधी थंड वारा अंगावर येतो. तो जाणवायच्या आत स्पिनेकर खाली आलेलं हवं.

कोको बीचहून डेटोनाकडे जाताना केप कॅनाव्हरल लागतं. तिथे टोकापासून बाहेर उथळ वाळूचे दांडे पसरले आहेत, आणि रॉकेटचं उड्डाण असेल तर समुद्राचा काही भाग बंद ठेवतात. आदल्या रात्री ही सूचना बघणं हे ग्राउंड क्रूचं काम.

मग जॉर्जिया. जॅक्सनव्हिल बीच ते टायबी आयलंड हा टप्पा लांब आहे. वाटेतल्या अनेक बेटांवर गाडीने पोचताच येत नाही. इथे किनारा आत वळतो आणि भरती-ओहोटी मोठी होते. दक्षिण फ्लोरिडात पाणी मीटरभरसुद्धा चढत नाही, टायबीला दोन मीटरहून जास्त.

इथली माझी चूक सांगतो, कारण ती टाळता येण्यासारखी होती. चार दिवस फ्लोरिडात बोट पाण्याच्या रेषेपासून थोडी वर ओढून ठेवायची सवय झाली होती. टायबीला बोट संध्याकाळी ओहोटीला आली. वाळूचा पट्टा लांबच लांब, सगळे दमलेले. मी म्हटलं, इथेच पुरे, रात्री बघू. पहाटे तीनला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. बोट वाळूवर ओढायच्या चाकांवरून उचलली गेली होती आणि प्रत्येक लाटेबरोबर डावं सुकाणू चाकाच्या दांडीवर आपटत होतं. कमरेइतक्या पाण्यात उतरून आम्ही तिघांनी ती वर काढली, पण सुकाणूची कड चिरलीच. सकाळी निघायच्या आधी दोन तास दुरुस्तीत गेले आणि बोटीवरच्या दोघांचीही झोप मोडली. मी देवगडचा. लहानपणी उधाणाची रेघ बघितल्याशिवाय होडी ठेवायची नाही, हे रोज पाहिलेलं. वाळूवर सुक्या शेवाळाची, काटक्यांची जी वरची ओळ असते ती बघा आणि बोट तिच्याही वर ठेवा. नवीन किनाऱ्यावर पोचल्यावर पहिलं काम हेच, मग खुर्च्या काढा.

चार्ल्सटनच्या बंदराच्या तोंडाशी दगडी बांध समुद्रात लांबवर गेलेले आहेत आणि त्यांचा काही भाग भरतीला पाण्याखाली जातो. नकाशावरच्या खुणा सोडून जवळची वाट शोधू नये. मोठी जहाजंही इथे असतात, आणि रात्री जहाजाचा वेग डोळ्याला कळत नाही.

नॉर्थ कॅरोलिनात तीन भूशिरं एकामागून एक येतात. केप फियरसमोर फ्राइंग पॅन शोल्स, केप लुकआउटचे शोल्स आणि केप हॅटरससमोर डायमंड शोल्स. शोल म्हणजे समुद्रात मैलोन्मैल गेलेला वाळूचा दांडा, वर उथळ पाणी, आणि चारी बाजूंनी येऊन फुटणाऱ्या लाटा. हॅटरसजवळ उत्तरेकडून येणारं गार पाणी आणि दक्षिणेचा गल्फ स्ट्रीम एकत्र येतात. असंख्य जहाजं बुडाल्यामुळे या पट्ट्याला अटलांटिकची स्मशानभूमी म्हणतात. दांड्याच्या आतून, किनाऱ्याला घासून जायचं की बाहेरून वळसा घालायचा, हा प्रश्न दरवर्षी प्रत्येक टीमला पडतो. आतून गेलं तर कित्येक मैल वाचतात. माझं मत ठाम आहे: निर्णय आदल्या रात्री घ्या आणि त्याची अट लिहून ठेवा. ‘लाटांची उंची आणि कालावधी इतका असेल, दिवसाचा उजेड असेल आणि भरती असेल, तरच आतून.’ अट पूर्ण झाली नाही तर बाहेरून. पुढे गेलेली बोट समोर दिसत असताना, आठ तास तारेवर लटकलेल्या माणसाने पाण्यात हा निर्णय घेऊ नये.

हॅटरसच्या उत्तरेला पाणी एकदम गार होतं. फ्लोरिडात आखूड कपड्यांत चालणाऱ्यांनी इथे ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येऊ देणारा पोशाख, घालावा. किल डेव्हिल हिल्सकडे जाताना वाटेत ऑरेगन इनलेट हे खाडीचं तोंड लागतं. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समुद्रावरचा वारा असेल तर त्या तोंडाशी पाणी भिंतीसारखं उभं राहतं. आसऱ्यासाठी खाडीत शिरायचं हा शहाणपणा इथे चालत नाही. किल डेव्हिल हिल्सला राइट बंधूंनी १९०३ मध्ये विमान उडवलं ते तिथल्या सततच्या वाऱ्यामुळे आणि मऊ वाळूमुळे. आजही तुमच्या तंबूला तो वारा आणि ती वाळू दोन्ही भेटतात.

हवामानासाठी सरकारी किनारी अंदाज रोज दोनदा वाचा आणि समुद्रातल्या तरंगत्या केंद्रांची ताजी मोजमापं बघा. त्यात वाऱ्याचा वेग, लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद मिळतात. नवखे फक्त उंची बघतात. मीटरभर लाट बारा सेकंदांनी आली तर बोट तिच्यावर झोपाळ्यासारखी झुलते, तीच पाच सेकंदांनी आली तर दिवसभर ठोकते. उतरताना मात्र उलट. लांब कालावधीची लाट किनाऱ्याशी आल्यावर उंच होते आणि जोरात फुटते.

लाटांतून बाहेर आणि लाटांतून आत

हा भाग सगळ्यात जास्त सराव मागतो. शर्यतीच्या वर्षभर आधीपासून, मध्यम लाटांच्या दिवशी, किमान वीस वेळा निघणं आणि वीस वेळा उतरणं झालेलं असावं. ग्राउंड क्रूसकट.

माझा एक मामा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होता. होडी लोटायची घाई केली की ओरडायचा, ‘आधी लाटो मोज रे, मगे होडयेक हात लाव.’ अटलांटिकवरही तेच करायचं. निघण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मग थोडी उसंत मिळते. किती मोठ्या आल्या आणि उसंत किती सेकंदांची, हे मोजा. लाट साधारण आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटते, म्हणून वाळूचा दांडा पाण्याखाली कुठे आहे ते फेसावरून कळतं. त्या फेसात जिथे खंड दिसतो तिथून निघा.

निघताना बोटीची नाळ सरळ लाटेकडे. ग्राउंड क्रू दोन्ही हलांच्या मागच्या टोकांशी, पण बाहेरच्या अंगाला, कुणीही नाळेसमोर उभं राहू नये आणि बोट व किनारा यांच्या मधे सापडू नये. लाटेने बोट मागे फेकली तर १८० किलो आणि वर पाण्याचा जोर माणसावर येतो. डॅगरबोर्ड अर्धे खाली, सुकाणू वर. क्रू, म्हणजे बोटीवरचा दुसरा खलाशी, आधी चढतो आणि जिब ओढतो, स्किपर चालता चालता चढतो, मेन म्हणजे मुख्य शीड ओढतो. वेग घेतला की लाट फोडता येते, थांबलं की लाट बोटीला फोडते. फेसापलीकडे खोल पाणी मिळालं की सुकाणू खाली पाडून कुलपात बसवायचं.

उतरताना क्रम असा:

१. किनाऱ्यापासून मैलभर बाहेर स्पिनेकर आत, दोर गुंडाळलेले, दोघंही तारेवरून आत.
२. व्हीएचएफ रेडिओवर ग्राउंड क्रूशी बोलणं: लाटा कशा, खंड कुठे, उतरायची जागा कोणती.
३. फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबून मोठा घोळका जाऊ द्यायचा.
४. डॅगरबोर्ड वर, सुकाणूचं कुलूप उघडं पण हाताने धरलेलं, म्हणजे वाळू लागली की ते आपोआप उचललं जाईल.
५. लाटेच्या पाठीवर बसून आत यायचं. तिच्या पुढे घसरायला लागली की मेन थोडं सैल करून मागे राहायचं. दोघांचं वजन मागे.
६. पाणी गुडघ्याइतकं झालं की क्रू समुद्राच्या बाजूने उतरतो, कधीही किनाऱ्याच्या बाजूने नाही.
७. ग्राउंड क्रू दोन्ही बाजूंनी धरतं, चाकं खाली सरकवतं आणि एका दमात वर.

रात्री हेच सगळं आंधळेपणाने करायचं असतं. आमच्या एका रात्रीचं सांगतो. वारा पडला होता, बोट सकाळी दहाला निघालेली, आणि साडेअकरा वाजले तरी नकाशावर तिचा ठिपका दोन मैल बाहेर. लाटा दिसत नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या. आम्ही दोन दिवे लावले. एक पाण्याच्या काठाशी जमिनीलगत, दुसरा त्याच्या सरळ मागे वाळूच्या उंचवट्यावर. बोटीवरून दोन्ही दिवे एकावर एक दिसले की आपण बरोबर रेषेत. रेषा सुटली तर खालचा दिवा ज्या बाजूला सरकलेला दिसेल त्या बाजूला वळायचं. रेडिओवर आवाज आला, ‘वरचा उजवीकडे दिसतोय.’ मी म्हटलं, ‘म्हणजे खालचा डावीकडे. डावीकडे या, हळू.’ मग बराच वेळ काही नाही. आणि एकदम पांढऱ्या फेसातून दोन टोकं आली, जणू अंधारातूनच बाहेर पडली. माझ्या हाताला हलची गार, ओली कड लागली तेव्हा कुठे श्वास सोडला. स्किपर उतरला आणि उभा राहता येईना म्हणून वाळूवरच बसला.

दिव्यांबद्दल एक गोष्ट जपून. मे महिन्यात या किनाऱ्यांवर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. पांढऱ्या झगझगीत प्रकाशाने माद्या परत फिरतात. स्थानिक नियम आधी विचारून घ्या, शक्यतो लाल किंवा अंबर दिवे वापरा, गरजेपुरतेच लावा, आणि घरट्यांच्या खुणांमधून बोट ओढू नका. कोकणातल्या वेळासला कासवांसाठी गावाने काय केलं आहे हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

बोट उलटली तर

उलटणार, हे धरूनच चाला. दोघांनी आधी एकमेकांना आवाज द्यायचा. मग शीट (शिडं ताणून धरणारे दोर) मोकळे करायचे, स्पिनेकर उघडं असेल तर ते स्नफरमध्ये, म्हणजे ते ठेवायच्या नळीत, ओढून घ्यायचं, पोहत नाळ वाऱ्याकडे वळवायची आणि दोर वरच्या हलवरून टाकून दोघांनी मागे रेलायचं. बोट उभी राहताना खालच्या बीमला लटकून राहायचं, नाहीतर ती दुसऱ्या अंगाला पडते. उभी राहिली की बोट पळून जाऊ शकते, म्हणून एकाचा तरी हात सतत बोटीला हवा.

मागून वारा असताना नाळ लाटेत घुसून बोट पुढच्या पुढे उलटते, तो प्रकार जास्त दुखापतीचा. वजन मागे, मागचा पाय पट्ट्यात, आणि पुढच्या माणसाला मागून धरणारा दोर कायम लावलेला. घुसायला लागली तर स्पिनेकरचा शीट सोडा, मेनशीट एकदम सोडू नका. स्पिनेकर भरलेलं असताना मेनशीटच डोलकाठीला मागून धरून ठेवतं.

प्रत्येकाच्या अंगावर, म्हणजे बोटीवर नाही तर अंगावर, व्हीएचएफ, ४०६ मेगाहर्ट्झचा संकट-संदेशक, लुकलुकणारा दिवा, शिट्टी आणि दोर कापायची सुरी असावी. व्हीएचएफचा १६ नंबरचा चॅनेल आणि कोस्ट गार्डशी इंग्रजीत बोलायचं एक वाक्य पाठ असावं: बोटीचं नाव, जागा, माणसं किती, काय झालं. घाबरलेला माणूस भाषा विसरतो, पाठ केलेलं वाक्य विसरत नाही.

खाणं, हात, झोप

दिवसभरात एकेकाने चार-पाच लिटर पाणी प्यायला हवं, पाठीवरच्या पिशवीतून नळीने. त्यातल्या निम्म्यात क्षार घाला. तारेवर लटकून डबा उघडता येत नाही, म्हणून एका हाताने, दोन घासांत संपेल असं खाणं द्या. बाजारातल्या गोड बारना तिसऱ्या दिवशी माणूस विटतो. आमच्याकडे सर्वात आधी संपले ते शेंगदाणा-गुळाचे लाडू आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या. प्रत्येक लाडू वेगळ्या छोट्या पिशवीत, कोपरा दाताने फाडता येईल असा. रात्री उशिरा आल्यावर जड जेवण जात नाही. गरम मऊ भात, मेटकूट आणि तूप. आमच्या बोटीवरचा क्रू अमेरिकन होता, त्याने मेटकुटाचं नाव विचारून घेतलं आणि पुढचे सगळे दिवस तेच मागितलं.

हातांना रोज बघा. दोरांनी सोललेल्या बोटांत मीठ गेलं की रात्री झोप लागत नाही. गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून मलम लावा, सकाळी टेप. हार्नेस घासतो तिथे व्हॅसलीन. ओले कपडे अंगावर ठेवून कुणाला बसू देऊ नका.

बोट किनाऱ्याला लागल्यापासून पाऊण तासात दोघं अंथरुणावर असावेत, हे आमचं ध्येय होतं. धुणं, खाणं आणि पाच मिनिटं बोलणं. ते बोलणं फक्त बोटीबद्दल: काय सैल वाटलं, कुठून आवाज आला, काय तुटलं. बाकी गप्पा सकाळी. वेळ सगळ्या टप्प्यांची बेरीज करून मोजतात, त्यामुळे एखाद्या टप्प्यावर अर्धा तास मागे पडणं भरून निघतं. झोपेविना केलेला हॅटरसचा टप्पा भरून निघत नाही.

दोघं झोपले की ग्राउंड क्रूचा दिवस सुरू होतो. हल धुऊन बुचं काढायची, पाणी मोजायचं, सुकाणू आणि पिना चाचपायच्या, शिडावरचे डाग हाताने तपासायचे, बॅटऱ्या चार्जिंगला, उद्याचं पान बोटीवर चिकटवायचं, चाकांच्या बेअरिंगमधली वाळू काढून ग्रीस भरायचं, आणि झोपायच्या आधी टॉर्च घेऊन पाण्यापर्यंत चालत जाऊन भरतीची रेघ किती वर येणार ते एकदा बघून यायचं. टायबीनंतर मी ते एकही रात्र चुकवलं नाही.